तांड्याला मी गप्प बसवलं

महाराष्ट्र व्हायच्या दोनेक वर्षं आधी मला ग्रामसेविकेची नोकरी लागली. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं येत होतं. बिनधुराची चूल येत होती, शोषखड्डा येत होता, लेकरांचे डोळे धुणं येत होतं, आणि बोलणं तर इतकं येत होतं की वडील म्हणायचे, हिच्यापुढे माळावरचा धोंडाही हो म्हणेल. वडील आर्णीला शाळामास्तर होते. पोरीनं मास्तरीण व्हावं एवढीच त्यांची इच्छा, पण मला चार भिंतींत बसून शिकवायचं नव्हतं. मला गावंच्या गावं शिकवायची होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ना, ते मी.

ट्रेनिंग वर्षभराचं होतं. त्यात एक आठवडा बाहेरगावचे एक डॉक्टर मनाच्या आजारांवर शिकवायला आले. बाकीच्या मुली पेंगायच्या, मी मात्र पुढे बसून कानात प्राण आणून ऐकायची. त्याला कारण होतं. आमच्या आर्णीच्या गल्लीत एका घरी मागच्या खोलीत एक बाई कोंडलेली असायची. दाराखालून तिला भाकर सरकवायचे. लहानपणी मी त्या दारावरून पळत जायची, कारण पाऊल वाजलं की आतून ती विचारायची, ‘कोन गेलं?’ आणि कोणीच तिला उत्तर द्यायचं नाही. डॉक्टर म्हणाले, वेड म्हणजे भूत नाही, करणी नाही, तापासारखाच तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. ते मी वहीत दोनदा लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी त्या डॉक्टरांनी आपल्याजवळचा चित्रांचा एक संच मलाच देऊन टाकला. कापडी फळ्यावर चिकटवायची सहा चित्रं होती. एकात झाडाला साखळीनं बांधलेला माणूस आणि त्यावर लाल फुली. एकात मांत्रिक आणि त्याचा चाबूक, त्यावरही फुली. एकात बैलगाडीतून दवाखान्यात नेणारे घरचे लोक. आणि एक चित्र मला सगळ्यांत आवडायचं. स्वच्छ झोपडी, खिडकी, खाटेवर पडलेली बाई, तिच्याजवळ पाण्याचा पेला घेतलेली एकच बाई, आणि बाहेर तोंडं उघडून रडणारा बायांचा घोळका. त्या घोळक्यावर मोठी लाल फुली. खाली लिहिलं होतं, ‘रुग्णास शांतता द्या.’ रुग्ण म्हणजे नेमकं कोण, हे मी विचारलं नाही. हजार प्रश्न विचारणारी मी, हाच तेवढा राहून गेला.

नेमणूक झाली फुलसावंगीच्या बाजूला. चार गावं आणि एक तांडा माझ्याकडे. फुलसावंगीत कलई करणाऱ्या एका मुसलमान घरात मला खोली मिळाली. घरातल्या म्हाताऱ्या चाचीनं पहिल्याच दिवशी माझ्या मनगटाकडं पाहून सांगितलं की बेटी, इतक्या बारीक हातानं तू काय लोकांना सुधरवशील, आधी जेव. तिच्या हातचं खाऊनच मी ती वर्षं काढली.

तांडा तासभराच्या वाटेवर, माळावर होता. त्या लोकांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. आता ते एका जागी बसून कापूस, ज्वारी, तूर करत होते. मराठी आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलायचे आणि आपसात गोरबोली. गोरबोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिथल्या म्हाताऱ्या बायांना याडीच म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी कापडी फळा उभा केला तर बायांनी फळा पाह्यलाच नाही. मलाच पाहात बसल्या. त्यांच्या अंगावर आरसे लावलेल्या काचळी-चोळ्या, घेरदार फेटियांचे घागरे, कोपरापर्यंत बांगड्या, केसांत घुगऱ्यांचे रुपेरी घोस, पायात वाळे. आणि मी पांढऱ्या सुती पातळात, हातात एकेक बांगडी. एकीनं विचारलं, ‘नवरा कधी मेला वं?’ मी म्हटलं, अजून लग्नच नाही झालं. त्यावर सगळ्या अशा हसल्या की माळावरची ढोरं वळून पाहायला लागली.

विचारणारी ती माझ्याच वयाची होती. तीच पुढे माझी मैत्रीण झाली. हसली की अख्खी हलायची आणि अंगावरचे सगळे दागिने वाजायचे. ती झोपडीमागं असली तरी आवाजावरून कळायचं, कुठं आहे ते. कवड्या आणि आरसे लावून कशिदा करण्यात तिचा हात धरणारी तांड्यात कोणी नव्हती. मी तिला अक्षरं शिकवायची आणि ती मला टाका. अक्षरं तिला आली, टाका मला शेवटपर्यंत आला नाही. ‘बाई, तुले हात देताना देवानं घाई केली,’ असं म्हणायची. तिच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर असायचं. चालायला नुकतंच शिकलेलं आणि चालताना एक पाय जरासा बाहेर टाकायचं. मी दिसले की माझी पिशवी ओढायचं, कारण पिशवीत चाचीनं दिलेला गूळ असतो हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

तांड्यानं माझा शब्द मानला तो मैत्रिणीच्या सासूच्या भाच्यामुळे. तो तिशीचा धडधाकट माणूस, पण वर्षभरापासून एकटाच बोलायचा, कोणाच्याही अंगावर धावून जायचा. त्याला चिंचेच्या खोडाला साखळीनं बांधून ठेवला होता. साखळीखाली कातडं सोललं होतं. दर अमावस्येला ढाणकीकडून एक मांत्रिक यायचा आणि त्याला मिरच्यांची धुरी द्यायचा. मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या दारात जाऊन बसले. तीन दिवस रोज गेले, रोज तीच चित्रं दाखवली. मी म्हटलं, तुमच्या बैलाला खांद्याला गळू झालं तर तुम्ही त्याला मिरचीची धुरी देता का? नायक हसला आणि चवथ्या दिवशी त्यानं गाडी जुंपायला सांगितली. मी गाडीत बसून यवतमाळपर्यंत गेले. तिथून पुढं त्याला नागपूरला नेलं. पाच महिन्यांनी तो परत आला तेव्हा आपल्या पायांनी चालत आला, सगळ्यांना नावानं हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी वखर धरला.

त्याच्या मावशीनं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या सासूनं, माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी घाईनं उचललं तिला, पण खोटं कशाला सांगू, आतून मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून तांड्यात ‘बाईचा शबद’ हा नायकाच्या शब्दाच्या बरोबरीचा झाला. ते काम बरोबर होतं. आजही म्हणते, साखळी सोडवली ते बरोबरच होतं. चुकलं ते त्यानंतर.

भादव्यात तांड्यात हगवणीची साथ आली. पाणी उकळून प्या म्हणून मी घसा कोरडा करत होते. मैत्रीण तर पाणी उकळायचीसुद्धा, पण पोर रांगतं-चालतं, कुठं ओंजळ लावली कोणास ठाऊक. दोन दिवसांत ते गेलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी होते. मला कळलं पाचव्या दिवशी.

मी गेले तेव्हा तिच्या झोपडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्याची रीत अशी की घरात मरण झालं म्हणजे प्रत्येक बाईनं यायचं, जिचं गेलं तिच्या गळ्यात हात टाकायचे, कपाळाला कपाळ लावायचं आणि सुरात रडायचं. नुसतं रडणं नाही. त्यात सगळं सांगायचं. कसा चालायचा, काय मागायचा, कुणाच्या मांडीवर निजायचा. एकीचं झालं की दुसरी. दूरच्या तांड्याची पाहुणी आली की पुन्हा पहिल्यापासून. मैत्रिणीचा आवाज बसला होता, डोळे सुजून बंद झाले होते, ओढणी भिजून गळ्याला चिकटली होती. एकीच्या गळ्यातून सुटली की ती भुईवर कोसळायची आणि दुसरी तिला उचलून पुन्हा गळ्यात घ्यायची. मला पाहून तिनं हात पुढे केले.

मी गेले. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि सुरू केलं. माझ्या पिशवीचं सांगत होती, गुळाचं सांगत होती. आणि मी काठीसारखी ताठ उभी. मला रडता येत नव्हतं हो. मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली. वडील भले माणूस, पण त्यांनी आम्हा भावंडांना रांगेत बसवून सांगितलं होतं की रडायचं नाही, रडलं की आईच्या जिवाला त्रास होतो. आम्ही रडलो नाही. त्या घरात पुन्हा कोणी आईचा विषयसुद्धा काढला नाही. मला वाटायचं, शहाण्या लोकांचं दुःख असंच असतं. तेव्हा तिचे हात मानेवर असताना माझ्या डोक्यात एकच आलं, की ही वेडी होईल. हे असं चाललं तर ही नक्की वेडी होणार.

मी तिचे हात सोडवले, तिला खाटेवर निजवलं आणि बायांना बाहेर, कडुनिंबाखाली बोलावलं. पिशवीतून फळा काढला, ते चित्र लावलं. शांततेचं.

मी काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, दैवानं एवढी शिक्षा नेमकी दिली आहे. मी सांगितलं की तिच्या मनाला मार लागला आहे, तुम्ही रोज येऊन त्या जखमेची खपली काढता. तिच्यापुढे रडू नका. पोराचं नाव काढू नका. त्याचं अंगडं-टोपडं, वाळे, सगळं दृष्टीआड करा. एका वेळी एकीनंच आत जायचं, जेवण द्यायचं, बाहेर यायचं. पाहुण्यांना वेशीवरून परत पाठवा. तिला पडू द्या, झोपू द्या. बाया एकमेकींकडे पाहात होत्या. तिची सासू तेवढी बोलली.

‘बाई, रडू नाही तं मंग ते दुख जाते कुठी?’

साधा सवाल होता. मी म्हटलं, ‘याडी, तुह्या भाच्याच्या वेळी माहं ऐकलं नं तू? मंग आता ऐक.’ त्यावर ती काय बोलणार होती? मी तिच्या तोंडात तिचंच माणूस कोंबलं होतं. संध्याकाळी नायकानं तांडाभर सांगून टाकलं की बाईचा शबद आहे, पाळायचा.

आणि त्यांनी पाळला. देवा, असा पाळला की माझ्या चारही गावांत माझा एकही शब्द कोणी तसा पाळला नव्हता. शोषखड्ड्यात लोक उकिरडा टाकायचे, बिनधुराच्या चुलीत कोंबड्या निजायच्या. पण हे पाळलं. तिच्या झोपडीवरून जाताना बायांचे दागिने वाजायचे, म्हणून त्यांनी पायातल्या वाळ्यांना चिंध्या गुंडाळल्या. घुगऱ्या काढून ठेवल्या. जात्यावरची गाणी बंद केली. लेकरांना तिच्या दाराकडं फिरकू दिलं नाही. तिचा नवराही पोराचं नाव न काढता जेवायचा आणि शेतात निघून जायचा. मी पुढच्या आठवड्यात गेले तर तांडा इतका गप्प होता की मला वाटलं सगळे शेतात गेलेत. सगळे घरीच होते.

पैनगंगेपलीकडून तिची आई आली. दोन दिवस पायी चालत आली होती. रीतीप्रमाणे आईनं वेशीपासून रडतच यायचं असतं. तिला वेशीवर थांबवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की रडायचं नसेल तरच आत जाता येईल. म्हातारीनं नायकासमोर कबूल केलं, तोंडात ओढणीचा पदर कोंबला आणि लेकीजवळ दुपारभर बसली. लेकीकडं पाहिलं तर रडू फुटेल म्हणून तिनं मान भिंतीकडं वळवून ठेवली होती. सांज व्हायच्या आत उठून गेली. हे सासूनं मला अभिमानानं सांगितलं, की बघ बाई, मायसुद्धा रडली नाही. मी तिची पाठ थोपटली.

मैत्रीण शांत झाली होती. खाटेवर पडून असायची. झोपायची, दिलेलं घासभर खायची. मी खुश. माझ्या वहीत मी लिहिलं, ‘सुधारणा आहे.’ कशिद्याचं कापड पुढं ठेवलं तर हात लावायची नाही, पण मी म्हटलं होईल हळूहळू. एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

‘बाई, एक बार त्याचं नाव घे नं.’

मी म्हटलं, ‘आता ते काढू नको. आराम कर.’

‘एकच बार. मी रडत नाही. नुसतं आईकते.’

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि पाण्याचा पेला पुढे केला. हुबेहूब चित्रातल्यासारखा. तिनं पेला घेतला नाही. कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याच्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. त्या दुपारी तर मला वाटलं, झोप लागली असेल. इतकी मी अक्कलशून्य होते.

दिवाळीनंतर तालुक्याला आमच्या खात्याची बैठक झाली. मी भाच्याची गोष्ट सांगितली, मग मैत्रिणीची सांगितली. अडाणी तांड्यानं शास्त्र कसं आत्मसात केलं, चिंध्या कशा बांधल्या, आई कशी रडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, असं काम सगळीकडे व्हायला पाहिजे. त्यांनी मला तीन आठवड्यांसाठी दुसऱ्या गटात पाठवलं, तिथल्या सेविकांना हेच शिकवायला. मी तीन आठवडे ते चित्र फळ्यावर लावून शिकवलं. किती जणी शिकल्या आणि त्यांनी पुढं किती घरं गप्प केली, याचा विचार आला की आजही मी हातातलं काम सोडून बसते.

मार्गशीर्षात मी फुलसावंगीला परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तोच भाचा उभा होता. कापूस वेचणीचे दिवस, तो शेत सोडून आला म्हणजे काहीतरी होतं. तो म्हणाला, ‘बाई, चाल. वयनी गेली.’ मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठं गेली? त्यानं मान खाली घातली. चाचीनं मागून माझा दंड धरला, तेव्हा कळलं.

ताप आला होता म्हणे. साधाच, चार दिवसांचा. तांड्यात आणखी दहा जणांना आला आणि उतरला. पण ती आधीच काडी झाली होती. महिनाभरापासून एक घास खाऊन ताट सारायची. मला कोणी सांगावा धाडला नाही, कारण मीच सांगून ठेवलं होतं, पडू द्या तिला.

तासभराची ती वाट. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, वेचणीला कोणी नाही. भाचा पुढे चालत होता. मग मागं न पाहता म्हणाला, की शेवटच्या दिवसांत वयनी मावशीला एकच इचारत होती. मी म्हटलं, काय? तो थांबला.

‘इचारे, मी खाल्लं का वं माहं लेकरू? मंग माह्या गळ्यात कोनी काहून नाही पडत? मायबी नाही पडली.’

मला त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यानं मला समजावून सांगितलं, लहान लेकराला सांगावं तसं. त्यांच्यात भांडण झालं तरी मरणाला गळ्यात पडतात. उभा दावा असला तरी पडतात. पडत नाहीत ते एकाच माणसाच्या. ज्याच्याशी तांड्यानं तोडलं त्याच्या. ज्याच्या हातून पाप झालं, त्याच्यापुढं बाया दागिने वाजवत नाहीत, लेकरं त्याच्या दाराशी जात नाहीत, पाहुणा त्याच्या घरी येत नाही.

‘मंग तुमी मले सांगतलं काहून नाही?’ मी ओरडलेच त्याच्यावर.

तो म्हणाला, ‘तुले ठाऊकच असंन वाटलं, बाई. तुले सारं ठाऊक रायते.’ आणि थोडं चालून झाल्यावर, अगदी हळू, जसं काही माझ्या बाजूनंच बोलतो आहे, असं म्हणाला, ‘मले तं तुह्यानंच बरं वाटलं. पन माहं कोनी मेलं नवतं.’

अडीच महिने ती बाई खाटेवर पडून होती आणि तिला वाटत होतं की सगळ्या जगानं तिला लेकराची मारेकरीण ठरवलं आहे. सासू, जावा, आई आणि मी. आणि आम्ही सगळ्याजणी दाराबाहेर श्वास रोखून उभ्या होतो, तिला बरं वाटावं म्हणून. त्याच्या मागं चालत राहिले.

तांड्यात पोचलो. तिला झोपडीसमोर आणून ठेवलं होतं. अंगावर तिनंच कशिदा केलेली ओढणी होती. नायक होता, तिचा नवरा आणि बाकीची माणसं एका बाजूला होती, आणि बाया. तांड्यातल्या सगळ्या बाया. शेजारच्या तांड्यातल्याही आल्या होत्या. तापाच्या पहिल्याच दिवशी निरोप गेला होता, म्हणून तिची आईही पैनगंगेपलीकडून आदल्या रात्री पोचली होती. मी जन्मात कधी मरणाच्या घरी असली शांतता पाहिली नाही. एकही बाई रडत नव्हती. ओठ दातांत धरून, ओढणीचे बोळे तोंडात कोंबून सगळ्या उभ्या होत्या. आईचं अंग नुसतं हलत होतं, आवाज नव्हता. पायांतल्या चिंध्या तशाच होत्या. मला कळेना, हे काय आहे. मग माझ्या ध्यानात आलं की सगळ्या माझ्याकडंच पाहात होत्या. माझी वाट पाहात होत्या.

सासू पुढं आली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी तो झेलला असता, मला तोच पाहिजे होता. ती माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘आता तं तिचं काही बिगडत नाही नं? मंग रडू का आमी?’